‘परमेश्वराचा दिवस’ अंधाराचा का? आमोसाचा इशारा वाचताना

प्रश्न: आमच्या मंडळीच्या अभ्यासवर्गात आमोसाचे पुस्तक घ्यायचे ठरले आहे आणि पहिला पाठ माझ्याकडे आहे. पाचव्या अध्यायात ‘परमेश्वराचा दिवस अंधार आहे, उजेड नव्हे’ असे वाचून मी अडखळलो. स्वतः निवडलेल्या लोकांनाच देव इतक्या कठोरपणे नाशाचा इशारा का देतो? नाश ठरलेलाच असेल, तर त्याच अध्यायात ‘मला शोधा म्हणजे जगाल’ असे का म्हटले आहे? यराबाम राजा तलवारीने मरेल हे भाकीत तर खरे झालेले दिसत नाही, त्याचे काय? आणि आज दुष्काळ पडला किंवा भूकंप झाला, तर तोही देवाचा न्यायदंड समजावा काय?

उत्तर: तुमचे चारही प्रश्न ‘न्याय’ या एका शब्दापाशी येऊन मिळतात, म्हणून सुरुवात त्या शब्दापासून करतो. ‘त्या बाईला अखेर न्याय मिळाला’ असे आपण म्हणतो तेव्हा मनाला समाधान वाटते. ‘न्यायाचा दिवस’ म्हणतो तेव्हा मात्र पोटात गोळा येतो. शब्द तोच आहे. हिब्रूतील ‘मिश्पात’चेही असेच आहे. गावच्या वेशीत बसलेल्या वडीलधाऱ्यांनी दिलेला निवाडा म्हणजे मिश्पात, दुर्बळाचा हक्क म्हणजेही मिश्पात, आणि अपराध्यावर येणारा दंड म्हणजेही मिश्पात. एकच निवाडा एका पक्षाला सुटका वाटतो आणि दुसऱ्याला शिक्षा. तो कसा ऐकू येईल हे ऐकणारा वेशीत कोणत्या बाजूला उभा आहे त्यावर ठरते. गेली तीस वर्षे जुना करार शिकवताना माझे हे मत पक्के होत गेले आहे की आमोसाचा इशारा आपल्याला भयंकर वाटतो, कारण आपण तो सुरक्षित बसलेल्यांच्या जागेवरून वाचतो. आणि आमोस नेमका त्या जागेवर बसलेल्यांशीच बोलत होता.

संदेष्टा आमोस तकोव्याचा. हे गाव यरुशलेमेच्या दक्षिणेस सुमारे १६ किलोमीटरवर, जिथे शेतजमीन संपून यहूदाचे ओसाड रान सुरू होते अशा काठावर होते. पहिल्याच वचनात त्याच्यासाठी ‘नोकेद’ हा शब्द आला आहे. हा शब्द बायबलमध्ये याखेरीज फक्त मवाबाचा राजा मेशा याच्यासाठी वापरला आहे, आणि मेशा मोठ्या कळपांचा धनी होता. त्यामुळे आमोस म्हणजे अडाणी, दरिद्री मेंढपाळ हे आपल्या प्रवचनांतून रूढ झालेले चित्र मला फारसे पटत नाही. सातव्या अध्यायात तो स्वतःला उंबराच्या झाडांची निगा राखणारा म्हणवतो. तिकडचे हे झाड आपल्या उंबराच्या जातकुळीतलेच. त्याचे फळ नीट पिकावे म्हणून हिरवे असतानाच त्याला चीर पाडावी लागते. तकोव्याच्या उंचीवर हे झाड होत नाही, ते सखल भागात वाढते. म्हणजे या कामासाठी त्याला खाली उतरून जावे लागत असणार. सिंहाच्या तोंडातून ओढून काढलेले मेंढराचे पाय, पाखराचा फासा, पेंढ्यांनी लादलेला गाडा, धान्याची चाळण हे सगळे त्याच्या बोलण्यात येते ते रोजच्या पाहण्यातून. आणि तो बोलला तो आपल्या यहूदात नव्हे, तर उत्तरेच्या इस्राएलात, बेथेल येथील राजाच्या मंदिरात. अंतर एक-दोन दिवसांच्या वाटेचे, पण राज्य परके.

काळ साधारण इ. स. पूर्व ७६०. इस्राएलात दुसरा यराबाम राज्य करत होता आणि हा त्या राज्याचा भरभराटीचा काळ होता. उत्तरेचा शेजारी दिमिष्क (दमास्कस) अश्शूरच्या (असीरियाच्या) हल्ल्यांनी खिळखिळा झाला होता, आणि स्वतः अश्शूर त्या काही दशकांत अंतर्गत दुबळेपणाने मागे सरले होते. या मधल्या फटीत यराबामाने आपली सीमा हमाथाच्या वाटेपासून अराबाच्या समुद्रापर्यंत, म्हणजे मृत समुद्रापर्यंत, पुन्हा वाढवली, असे ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात नोंदवले आहे. आमोसाच्या सहाव्या अध्यायाच्या शेवटी हीच सीमा पुन्हा येते: हमाथाच्या वाटेपासून अराबाच्या ओढ्यापर्यंत तुम्हाला एक राष्ट्र गांजील. विजयाच्या घोषणेतील शब्द उचलून त्याने ते पराभवाच्या घोषणेत बसवले आहेत, आणि ऐकणाऱ्यांना ते त्याच क्षणी बोचले असतील.

त्या समृद्धीच्या खुणा जमिनीतून वर आल्या आहेत. इस्राएलाची राजधानी शोमरोन येथील टेकडीवर १९३० च्या दशकात झालेल्या उत्खननात राजवाड्याच्या परिसरात हस्तिदंताचे कोरीव तुकडे शेकडोंनी सापडले. असे तुकडे लाकडी सामानावर जडवण्यासाठी वापरत. त्याआधी १९१० साली तेथेच शाईने लिहिलेली खापरे मिळाली होती. ती बहुधा यराबामाच्याच काळातली आहेत, आणि त्यांवर जुना द्राक्षारस व शुद्ध तेल यांच्या आवकेच्या नोंदी आहेत. ही माहिती मनात ठेवून सहावा अध्याय वाचा. हस्तिदंती पलंगांवर लोळणारे, कळपातील कोकरे खाणारे, कटोऱ्यांनी द्राक्षारस पिणारे, उत्तम तेलाने माखलेले, ‘पण योसेफाच्या नाशाबद्दल ज्यांना हळहळ वाटत नाही’ असे लोक तेथे आहेत. योसेफ म्हणजे येथे उत्तरेचे राज्य. आमोसाच्या तक्रारीचा भार त्या शेवटच्या ओळीवर आहे. पलंग आणि तेल हा पुरावा आहे. गुन्हा आहे तो हळहळ न वाटण्याचा.

आता इशाऱ्याची बांधणी पाहू. पुस्तक सुरू होताच आमोस एकामागून एक शेजारी राष्ट्रांची नावे घेतो: दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. प्रत्येक वेळी तोच ठेका आहे, ‘तीन अपराधांमुळे, नव्हे चार अपराधांमुळे, मी शिक्षा मागे घेणार नाही’. दिमिष्काने गिलादाला लोखंडी औतांनी मळले, गज्जाने अख्ख्या वस्त्या पकडून गुलाम म्हणून विकल्या, सोराने बंधुत्वाचा करार विसरून तेच केले, अदोमाने तलवार घेऊन भावाचा पाठलाग केला, अम्मोनाने केवळ सीमा वाढवण्यासाठी गरोदर स्त्रियांची पोटे चिरली. मवाबाने अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला. या शेवटच्या आरोपापाशी क्षणभर थांबावे. येथे गुन्हेगारही परका आहे आणि ज्याची विटंबना झाली तोही परकाच, इस्राएलाचा काडीमात्र संबंध नाही. तरीही इस्राएलाचा देव त्याची दखल घेतो. नियमशास्त्र ज्यांना कधी मिळाले नाही त्यांनाही माणसाच्या देहाशी कसे वागावे हे कळायला हवे होते, असा या आरोपामागचा समज आहे.

बेथेलच्या अंगणात उभ्या असलेल्या श्रोत्यांनी या प्रत्येक नावावर मान डोलावली असेल, कारण ते सारे शत्रूच होते. सातवे नाव यहूदाचे येते. इथे संपले असे वाटत असतानाच तोच ठेका आठव्यांदा येतो, आणि या वेळी नाव इस्राएलाचे असते. परराष्ट्रांचे गुन्हे युद्धातले होते; इस्राएलाचे गुन्हे शांततेच्या काळातले, घरचे, बाजारातले आणि मंदिरातले आहेत. नीतिमानाला रुप्यासाठी आणि गरजवंताला एका जोड्यासाठी विकले जाते. गरिबांचे डोके धुळीत तुडवले जाते. बाप आणि मुलगा एकाच मुलीकडे जातात. गहाण घेतलेल्या वस्त्रांवर लोक वेदीशेजारी पहुडतात, आणि दंडापोटी वसूल केलेला द्राक्षारस देवाच्या घरात पितात. गहाण घेतलेले पांघरूण सूर्य मावळण्याआधी परत करावे, कारण त्याच्याकडे रात्री पांघरायला दुसरे काही नाही, असे निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. यहूदाच्या किनाऱ्यालगतच्या एका किल्ल्यात १९६० साली एक खापर सापडले. आमोसानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी एका कापणी करणाऱ्या मजुराने तेथील अधिकाऱ्याकडे केलेला अर्ज त्यावर आहे: मी माझे काम पुरे केले होते, तरी मुकादमाने माझे वस्त्र नेले, ते मला परत मिळावे. ते खापर वर्गात समजावून सांगताना मला दर वेळी जाणवते की आमोस ज्याच्याविषयी बोलत होता तो माणूस नेमका असाच होता, आणि त्याचा आवाज आपल्यापर्यंत केवळ योगायोगाने पोहोचला आहे.

आठव्या अध्यायात हेच बाजाराच्या भाषेत येते. अमावास्येचा सण कधी सरेल म्हणजे आम्ही धान्य विकू, शब्बाथ कधी संपेल म्हणजे कोठारे उघडू, एफा (धान्याचे माप) लहान करू, शेकेल (तोलण्याचे वजन) जड करू, खोट्या तराजूने फसवू, गव्हाचे भूसही विकू. ‘मापात पाप’ हे आपले दोन शब्द त्याला पुरेसे आहेत. तिथे एक बारकावा आहे. हे व्यापारी शब्बाथ मोडत नाहीत, ते पाळतात. फक्त पाळताना मनात हिशेब चालू असतो.

तुमचा पहिला प्रश्न, निवडलेल्या लोकांनाच का, याचे उत्तर तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात आहे. आशय असा: पृथ्वीवरील सर्व कुळांपैकी मी फक्त तुमची ओळख ठेवली, म्हणून तुमच्या सर्व अपराधांचा झाडा मी तुमच्याकडून घेईन. ‘ओळखणे’ या हिब्रू क्रियापदात नुसती माहिती येत नाही, जवळचे नाते येते. पतिपत्नींसाठीही तेच क्रियापद वापरतात. श्रोत्यांचा तर्क असा होता की आपण त्याचे, म्हणून आपल्याला काही होणार नाही. आमोस तर्काचा पहिला भाग मान्य करतो आणि ‘म्हणून’ या शब्दापुढे उलट निष्कर्ष ठेवतो. आपल्या घरचा अनुभव आठवा: परक्याचे मूल खोटे बोलले तर आपण दुर्लक्ष करतो, आपले बोलले तर त्याला समोर बसवतो. आणि या निवडीचा कोणी गर्व करू नये म्हणून नवव्या अध्यायात त्याहून धक्कादायक वचन आहे: इस्राएल लोकहो, तुम्ही मला कूशी लोकांसारखेच नाही काय? मी इस्राएलाला मिसरातून आणले, तसे पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून आणले नाही काय? पलिष्टी आणि अरामी म्हणजे जन्माचे वैरी. त्यांच्याही स्थलांतरात देवाचा हात होता, हे बेथेलच्या अंगणात उच्चारायला किती धैर्य लागले असेल याचा विचार मी अनेकदा करतो.

या पार्श्वभूमीवर ‘परमेश्वराचा दिवस’ पाहिला की ते वचन नीट उलगडते. हा शब्दप्रयोग आमोसाने पहिल्यांदा घडवला असे दिसत नाही, कारण तो ‘परमेश्वराच्या दिवसाची आस धरणाऱ्यांनो’ अशीच हाक मारतो. म्हणजे लोक त्या दिवसाची वाट पाहत होते. देव उठेल, आपल्या शत्रूंचा मोड करील आणि आपला जय होईल असा तो दिवस. आमोस दिवस नाकारत नाही. देव अन्यायाचा निवाडा करण्यासाठी येणार हे त्यालाही मान्य आहे. तो एवढेच विचारतो की तो आला तर तुम्हाला कोणत्या बाजूला पाहील. मग तो एक माणूस समोर उभा करतो. तो सिंहापासून पळतो, वाटेत त्याला अस्वल गाठते, त्यातूनही निसटून तो घरी पोहोचतो, धापा टाकत भिंतीला हात टेकतो, आणि भिंतीतला साप त्याला डसतो. यातील घर आणि भिंत महत्त्वाची आहेत. धोका बाहेरच्या रानात आहे आणि आपण आत सुरक्षित आहोत, हीच त्या श्रोत्यांची समजूत होती; साप मात्र त्यांच्या स्वतःच्या भिंतीत आहे.

लगेच पुढे सणांचा, अर्पणांचा, गाण्यांचा तिटकारा येतो, आणि मग ते प्रसिद्ध वचन: न्याय पाण्यासारखा वाहो, नीतिमत्त्व बारमाही ओढ्यासारखे. हे वचन मी एकदा नगर जिल्ह्यातील एका खेड्यात शिकवत होतो. हिब्रू शब्दाचा अर्थ ‘न आटणारा ओढा’ असा आहे, एवढे सांगून मी पुढे जाणार, तोच मागे बसलेले एक वृद्ध शेतकरी म्हणाले, “गुरुजी, आमचा ओढा पावसाळ्यात चार दिवस पूर आणतो आणि शेताची माती नेतो. पौषात त्यात गुरांना प्यायला थेंब नसतो.” मी पुस्तकांतून जे शिकलो होतो त्यापेक्षा ते उत्तर नेमके होते. आमोसाच्या प्रदेशातील नाले असेच पावसाळी असतात. सणाच्या दिवशी भक्तीला पूर आणि बाकीचे वर्ष कोरडे, अशी त्या लोकांची अवस्था होती; मागणी होती ती पौषातही वाहणाऱ्या पाण्याची. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमधील भाषणात मार्टिन ल्यूथर किंग यांनी याच वचनाचे शब्द उच्चारले, तेव्हा समोरच्या जनसमुदायाला ते धमकी वाटले नाहीत. ती माणसे वेशीत दुसऱ्या बाजूला उभी होती.

आता दुसरा प्रश्न: नाश ठरलेला होता काय? सातव्या अध्यायापासून पाच दृष्टान्त येतात. पहिल्यात टोळ, दुसऱ्यात अग्नी. दोन्ही वेळा आमोस मध्ये पडतो आणि विनवतो की याकोब, म्हणजे इस्राएल, कसा टिकेल, तो किती लहान आहे. आणि दोन्ही वेळा देव आपला बेत मागे घेतो. इशारा देणाऱ्याचे मन येथे उघडे दिसते. वेशीत ज्याने आरोप वाचून दाखवला, तोच एकांतात आरोपीची वकिली करतो. आणि जे लोक स्वतःला बलाढ्य समजत होते, ते त्याला ‘लहान’ दिसतात. तिसऱ्या दृष्टान्तात गवंड्याचा ओळंबा आहे, निदान आपल्या भाषांतरांत तो शब्द तसा घेतला आहे. भिंत कलली आहे की नाही हे ओळंबा दाखवतो, तो भिंतीला कलवत नाही. चौथ्यात उन्हाळी फळांची टोपली आहे, आणि हिब्रूत ‘कायित्स’ म्हणजे उन्हाळी फळ व ‘केत्स’ म्हणजे अंत यांचा उच्चार इतका जवळचा आहे की फळाचे नाव घेताच शेवट कानावर पडतो. या दोन्ही वेळी आमोस विनवणी करत नाही. पाचव्या दृष्टान्तात प्रभू वेदीजवळ उभा राहून घाव घालण्याची आज्ञा देतो.

दुसऱ्या आणि चौथ्या दृष्टान्तांमध्ये काय बदलले, हे पुस्तक सांगते असे मला वाटते. तिसऱ्या आणि चौथ्या दृष्टान्तांच्या मध्ये, ओघ तोडून, बेथेलचा याजक अमस्या याची गोष्ट घातली आहे. अमस्या राजाला निरोप पाठवतो की आमोस कट करत आहे आणि देशाला त्याचे शब्द सोसवत नाहीत. मग आमोसाला म्हणतो, यहूदात पळून जा, तिथे भाकर मिळव, येथे पुन्हा बोलू नकोस, कारण हे राजाचे पवित्रस्थान आहे. ‘देवाचे’ म्हणायच्या जागी त्याच्या तोंडून ‘राजाचे’ निघून गेले. इशारा ऐकण्याची जागाच त्याने बंद केली. आठव्या अध्यायात पुढे येणारा दुष्काळ अन्नाचा किंवा पाण्याचा नाही, परमेश्वराची वचने ऐकण्याचा आहे, आणि त्याची सुरुवात अमस्याने स्वतः केली होती. चौथ्या अध्यायात टंचाई, अनावृष्टी, पिकांवरचा रोग व टोळ, मरी व तलवार, आणि सदोमासारखा विध्वंस अशा पाच आपत्ती मोजून प्रत्येकीनंतर ‘तरी तुम्ही माझ्याकडे वळला नाहीत’ असे पालुपद आहे. पाच वेळा वाट पाहणारा माणूस शिक्षेसाठी उतावीळ असू शकत नाही.

यराबामाच्या मृत्यूचे भाकीत हाही याच गोष्टीतला भाग आहे. तो तलवारीने मरेल हे शब्द आपल्याला अमस्याच्या निरोपात मिळतात, आमोसाच्या तोंडी नव्हे. आमोसाचे शब्द सातव्या अध्यायाच्या नवव्या वचनात आहेत: यराबामाच्या घराण्यावर मी तलवार घेऊन उठेन. यराबाम स्वतः नैसर्गिकपणे वारला. त्याचा मुलगा जखऱ्या जेमतेम सहा महिने राजा होता आणि शल्लूमाने कट करून त्याला सर्वांसमक्ष ठार केले. ते घराणे तेथे संपले. अमस्याने जाणूनबुजून शब्द बदलला की भीतीने त्याला तसे ऐकू आले, हे मजकूर सांगत नाही. पण ‘घराणे’ गाळून ‘राजा’ ठेवला की इशाऱ्याचा राजद्रोह होतो, हे त्याला नक्कीच कळत असावे.

तरीही मूळ प्रश्न उरतो की ‘अंत आला आहे’ आणि ‘मला शोधा म्हणजे जगाल’ ही दोन वाक्ये एकत्र कशी नांदतात. जुन्या मराठी ख्रिस्ती लेखनात ‘भविष्यवादी’ हा शब्द आढळतो आणि त्यामुळे आपली समजूत होते की या माणसांचे काम पुढचे सांगणे. ‘संदेष्टा’ हा शब्द मला अधिक योग्य वाटतो, कारण तो निरोप आणतो, आणि निरोपाला उत्तर अपेक्षित असते. बायबलमध्येच याची साक्ष आहे. मोरेशेथचा संदेष्टा मीखा याने सीयोन (यरुशलेम) शेतासारखी नांगरली जाईल असे सांगितले होते. पुढे शंभर वर्षांनी यिर्मयाला त्याच्या तशाच शब्दांसाठी ठार मारायला लोक निघाले, तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी उठून मीखाची आठवण दिली: राजा हिज्कीयाने त्याला मारले नाही, त्याने परमेश्वराचे भय धरले, आणि परमेश्वराने अनिष्ट टाळले. यिर्मयाच्या सव्विसाव्या अध्यायातील हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. सीयोन मीखाच्या काळात नांगरली गेली नाही, पण म्हणून तो खोटा ठरला असे त्या वडीलधाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात आले नाही. निनवेत नाशाची घोषणा करताना योनाने तर ‘जर’ हा शब्दही उच्चारला नव्हता, तरी ते नगर वाचले, आणि यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात कुंभाराच्या चाकाजवळ हाच नियम उघडपणे मांडला आहे. आमोसाच्या बाबतीत तो एका शब्दात दडला आहे. पाचव्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात वाईटाचा द्वेष करा, बऱ्यावर प्रीती करा, वेशीत न्याय स्थापित करा असे सांगून तो म्हणतो, ‘कदाचित’ योसेफाच्या अवशेषावर परमेश्वर कृपा करील. हे ‘कदाचित’ देवाला बांधून ठेवत नाही, त्यामुळे पश्चात्ताप म्हणजे नवा सौदा होत नाही. आणि ते दारही लावून घेत नाही.

उत्तरेच्या राज्याने ते दार वापरले नाही. इ. स. पूर्व ७४५ मध्ये तिसरा तिग्लथ-पिलेसर अश्शूरच्या गादीवर आला आणि चित्र पालटले. ७३२ पर्यंत दिमिष्क पडले व गालील गेले, ७२२ मध्ये शोमरोन पडले. अश्शूरच्या सर्गोन राजाच्या कोरीव लेखात तेथून २७,२९० माणसे नेल्याचा दावा आहे. आमोसाच्या बोलण्याला तेव्हा चाळीसेक वर्षे झाली होती. घडीव दगडांची घरे बांधलीत, पण त्यांत राहणार नाही, असे तो म्हणाला होता.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. आमोसाचे पुस्तक ‘भूकंपाच्या दोन वर्षे आधी’ अशा नोंदीने सुरू होते. तो भूकंप इतका मोठा होता की संदेष्टा जखऱ्याच्या पुस्तकात कित्येक पिढ्यांनंतरही त्याची आठवण येते, आणि हासोर येथील उत्खननात त्याच शतकातील कललेल्या, कोसळलेल्या भिंती मिळाल्या आहेत. आमोस स्वतः टंचाई आणि रोगराईला देवाची हाक म्हणतो, हेही वर आले. तेव्हा आपत्तीचा आणि देवाचा काही संबंध नाही असे त्याच्या नावावर मी सांगू शकत नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर थोड्याच आठवड्यांनी एका सभेत एका उपदेशकाने तो त्या गावांवरचा न्यायदंड असल्याचे सांगितले, आणि मी खाली बसून ते ऐकले, याचे दुःख मला आजही आहे. आमोस असे कधी बोलला नाही. त्याने घटना घडण्याआधी सांगितले, ढिगाऱ्याजवळ उभे राहून नव्हे. त्याने अपराधांची नावे घेतली, आणि ते अपराध सुखवस्तूंचे होते; दगडमातीच्या घरांत झोपलेल्यांवर त्याने बोट रोखले नाही. शिवाय तो स्वतः त्यांच्यासाठी देवापुढे विनवणी करून आला होता. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा येशूने ती इतरांहून अधिक दोषी नव्हती असे स्पष्ट म्हटले आणि प्रश्न ऐकणाऱ्यांकडे वळवला. लूकाच्या तेराव्या अध्यायातील तो उतारा आमोसाच्या शेजारी ठेवून शिकवावा असे मी सुचवीन.

नवव्या अध्यायाच्या शेवटी दाविदाचा पडलेला मंडप पुन्हा उभारण्याचे अभिवचन येते. अनेक अभ्यासक तो भाग नंतरच्या काळात यहूदात जोडला गेला असे मानतात, आणि मलाही ते बहुतांशी पटते. त्यामुळे त्याचे मोल मला कमी वाटत नाही. उत्तरेचे राज्य बुडाल्यावर हे पुस्तक दक्षिणेत जपले गेले आणि यहूदाच्या लोकांनी ते शेजाऱ्याची फजिती म्हणून वाचले नाही. आरोपपत्रातील सातवे नाव त्यांचे स्वतःचे होते.

तुमच्या पहिल्या पाठाविषयी थोडे. पाचव्या अध्यायापासून सुरू करू नका. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनापासून दुसऱ्याच्या पाचव्यापर्यंतचा भाग वर्गातील सात जणांना वाटून द्या आणि प्रत्येकाने एकेक राष्ट्र मोठ्याने वाचावे. तो ठेका कानात बसू द्या. आठवा आरोप तुम्ही वाचा, सावकाश, आणि गहाण ठेवलेल्या वस्त्रापाशी थांबून आपल्या गावात आज काय काय गहाण पडते ते वर्गाला विचारा. दुसऱ्या पाठात पाचव्या अध्यायाची सुरुवात घ्या. ‘इस्राएलाची कुमारी पडली आहे’ ही ओळ हिब्रूत विलापगीताच्या वृत्तात आहे, पहिला चरण लांब आणि दुसरा आखूड, जसे रडताना वाक्य अर्ध्यावर तुटते. ती रागाच्या सुरात वाचली जाते असे मी अनेक ठिकाणी ऐकले आहे. मयताच्या घरी बोलतो त्या आवाजात ती वाचा, मग अठराव्या वचनातील अंधारापर्यंत त्याच आवाजात जा.